बिनरंगाच्या प्लेटा

ललितानं ओतलेल्या प्लेटा स्वच्छ होत्या. फिकट पिवळ्या, पातळ तुपासारख्या. टेबलावर वीस प्लेटा मांडलेल्या आणि एकीतही लाल रंगाचा थेंब नाही.

मी चहाचे दोन कप घेऊन दारातच थांबले.

"ताई, बघा ना, किती छान गोठल्यात," ती म्हणाली. "एकही बुडबुडा नाही."

"रंग?"

"सर म्हणाले, रंग नको घालूस. त्यानं वाढ मरतुकडी येते. फेब्रुवारीत हौदात ओतायला जिवाणूंचं कल्चर दाट पाहिजे. म्हणून नुसतं पौष्टिक माध्यम. मांसाचा अर्क, पेप्टोन, सगळं भरपूर." ती जरा हसली. "आणि खरं सांगू? हात पण लाल होत नाहीत. माझ्या खोलीवरच्या मुली मला रोज विचारायच्या, मेंदी कुणाच्या नावाची?"

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. अगं, असं खाऊ घातलंस तर हे जिवाणू रंग फोडायचं सोडून देतील. एवढंच म्हणायचं होतं. पाच सेकंदांचं काम.

मी कप तिच्यापुढे ठेवला. "घे, निवेल," म्हटलं आणि माझ्या टेबलाकडे गेले.

साल एकोणीसशे ब्याण्णव, महिना जून. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. आज निवृत्त होऊनही काही वर्षं झाली, पण ते पाच सेकंद अजून माझ्याजवळ आहेत.

आमचं गाव मागांचं. कापड विणायचं, रंगवायचं आणि उरलेलं पाणी ओढ्यात सोडायचं. ओढ्याचा रंग बघून कुठल्या रंगशाळेत कसल्या साड्या चालल्यात ते सांगणाऱ्या बायका आमच्या गल्लीत होत्या. त्या ओढ्याच्या काठचा गाळ मी चार वर्षांपूर्वी बाटल्या भरभरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणला होता. लाल रंग घातलेल्या प्लेटांवर तो पसरला, जिवाणूंच्या तीनशेबारा वसाहती वाढवल्या. त्यांतल्या एकीभोवती, फक्त एकीभोवती, लाल रंग नाहीसा होऊन काचेसारखं कडं पडलं होतं. आजूबाजूला सगळं लालभडक आणि मधे ते स्वच्छ वर्तुळ. गाभाऱ्यात समई लावल्यावर मूर्तीभोवती जेवढा उजेड पडतो, तेवढंच.

पुढं अडीच वर्षं मी दर मंगळवारी त्या जिवाणूंना नव्या नळीत घालायची. दर वेळी रंग थोडा जास्त, खाणं थोडं कमी. उपाशी ठेवून शिकवायचं. हे जीव वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात, उपाशी असले तर काही तासांत. म्हणजे आठवड्यात त्यांच्या कितीतरी पिढ्या. प्रत्येक पिढीत जनुकांची नक्कल होताना कुठे ना कुठे चूक होते. बहुतेक चुका वाया जातात. पण एखादी त्या नळीत उपयोगी पडते, आणि मग तिच्या धन्याचीच लेकरं नळीभर होतात. रंग फोडणारं जनुक या जिवाणूच्या मुख्य साखळीवर नव्हतं. ते एका लहानशा, वेगळ्या, गोल साखळीवर होतं. माझ्या उपाशी नळ्यांत त्या गोल साखळ्या एकेका जिवाणूत पूर्वीपेक्षा जास्त भरू लागल्या. ते जनुकच त्यांची भाकरी होतं.

हे सगळं काम डॉ. दिनकर शेणोलीकर यांच्या हाताखाली चाललेलं. विभागप्रमुख, माझे मार्गदर्शक. बोलणं साखरेसारखं. सगळ्यांना "बाळ" म्हणायचे.

त्या वर्षीच्या जानेवारीत परदेशी नियतकालिकात निबंध छापून आला. माझी प्लेट, माझं कडं, माझे आकडे. लेखक एकच, डी. के. शेणोलीकर. शेवटी बारीक टाइपात आभार. 'काचसामानाची निगा राखल्याबद्दल कु. शैलजा गुरव यांचे.'

मी तो अंक घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

"बाळ, रागावलीस?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आभारात आहेस की."

"काचसामान धुतल्याबद्दल, सर."

"मग ते काय हलकं काम आहे? कांबळे तीस वर्षं तेच करतोय. त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही." मग फाईल बंद करत म्हणाले, "असं कर, तू आता दह्याच्या जिवाणूंवर काम सुरू कर. बायकांना बरा विषय. हे कल्चर मी निपाणीहून नवीन मुलगी येतेय तिला देतो. ललिता हुक्केरी. हुशार आहे."

बाहेर कांबळेमामा नळाखाली नळ्या घासत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बाई," ते म्हणाले, "तीस वर्षांत माझं नाव कुठं छापलं नाही. तुमचं छापलं. पेढे द्या की."

मी हसले नाही. ते पण हसले नाहीत.

संध्याकाळी देवळात गेले. आम्ही गुरव, देवळाची पूजा आमच्याकडे. आप्पा, माझे वडील, गाभारा पुसत होते. मी देवापुढे हात जोडले आणि जे मागितलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चार माणसांत त्याचं तोंड काळं होऊ दे, आणि ते मला माझ्या डोळ्यांनी बघू दे. असलं काही देवाजवळ मागायचं नसतं हे लहानपणापासून कीर्तनं ऐकत वाढलेल्या मला चांगलं माहीत होतं. तरी मागितलं.

कल्चर हातातून जायच्या आधी मी एक केलं. टीपकागदाच्या बारीक पट्ट्या त्यात भिजवल्या, वाळवल्या, छोट्या नळ्यांत बंद केल्या. ही जात वाळवली की बियाण्यासारखी झोपून राहते. नळ्यांचा डबा देवळाच्या कोठीत ठेवायला घेऊन गेले, तिथं गारवा असतो.

"सोवळ्याच्या कोठीत किडे ठेवतेस?" आप्पा म्हणाले.

"किडे नाहीत आप्पा, जीव आहेत."

"मग ठेव."

आणि पाच महिन्यांनी, जूनमध्ये, त्या बिनरंगाच्या प्लेटा बघितल्या. मला काही करावंच लागणार नव्हतं. देवानं माझं ऐकलं आणि काम शेणोलीकर सरांच्याच हातून करून घ्यायचं ठरवलं, असं मी त्या दिवशी मनाला सांगितलं.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. ललिता आठवड्यातून दोनदा कल्चर नव्या माध्यमात घालत होती. मन लावून, हात न थरथरता. तिची नोंदवही बघण्यासारखी होती. तारीख, माध्यमात काय काय घातलं, किती ग्रॅम, किती वाढ, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. आमच्या विभागाची शिस्त अशी होती की दर शनिवारी मार्गदर्शकानं आठवड्याच्या पानांखाली सही करायची. सर हिरव्या शाईनं सही करत. फोन खांद्यावर, एक हात चहाच्या कपावर, दुसऱ्यानं सही. वाचायचे नाहीत. माझ्या वह्यांवरही अशीच सही व्हायची.

दुपारी आम्ही डबा एकत्र खायचो. ती ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायची, मला बळंच वाढायची. "ताई, तुम्ही खातच नाही. बारीक झालाय."

"देवाचं व्रत चाललंय," मी म्हणायची.

सप्टेंबरात खात्री करून घेतली. ती खोलीवर गेल्यावर तिच्या टाकून दिलेल्या प्लेटवरचा कणभर खरवडला आणि लाल प्लेटवर रेघ ओढली. तीन दिवसांनी बघितलं. दाट, गुबगुबीत वाढ. आणि भोवती कडं नाही. प्लेट लालच्या लाल.

घरी आल्यावर आप्पांना म्हटलं, "गेलं ते."

त्यांना एवढंच ठाऊक होतं की माझी चीज दुसऱ्याकडे गेली आहे. "म्हणजे विसरले?"

"विसरलेलं कधीतरी आठवतं आप्पा. यांनी ते पानच फाडून टाकलं."

"कशाला?"

"ओझं होतं. दर वेळी दोनाचे चार होताना ती जास्तीची साखळीसुद्धा उतरून काढायची. समोर आयतं ताट वाढलेलं असताना कोण कशाला ती उस्तवार करेल? ज्यानं टाकून दिली तो हलका झाला, भराभर वाढला. बाकीचे मागं पडले. आता ते त्या पौष्टिक ताटासाठी अगदी शहाणे झालेत. ओढ्यात उभं राहायला नालायक."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तुला आनंद झालाय."

"हो," मी म्हटलं.

कार्तिकात आमच्या देवळात सात दिवस कीर्तन असतं. त्या वर्षी शिरढोणकर बुवा आले होते. मोठा गोड माणूस. पूर्वरंगात हसवून हसवून पोट दुखवायचे आणि उत्तररंगात त्याच माणसांना डोळे पुसायला लावायचे. आप्पा पेटीवर, मी बायकांत पहिल्या रांगेत. दर वर्षी मी त्यात विरघळून जायची. त्या वर्षी सातही दिवस माझ्या डोळ्यांपुढे फेब्रुवारीतला हौद होता. बुवा गात होते आणि मी मनात शेणोलीकर सरांचा चेहरा उतरताना बघत होते. कसा उतरेल, आधी ओठ की आधी कपाळ.

शेवटच्या दिवशी प्रसाद वाटून झाल्यावर बुवा पान लावत बसले होते. मी जवळ जाऊन बसले.

"बुवा, एखादा माणूस आपल्याच पायानं खड्ड्याकडे चालला असेल आणि आपण नुसते गप्प बसलो, तर पाप लागतं का?"

"खड्डा कुणी खणला?"

"त्यानंच."

"तुझा वैरी?"

मी पदर सारखा केला. त्यांनी सुपारी कातरली.

"एकटाच चाललाय, का कुणाचा हात धरलाय त्यानं?"

"एकटाच," मी म्हटलं.

"मग मला कशाला विचारतेस?" बुवा म्हणाले आणि पानाची पट्टी माझ्या हातावर ठेवली. "ज्याला खरंच ठाऊक असतं तो विचारत नाही."

फेब्रुवारी आला. रंगशाळावाल्यांच्या संघाच्या आवारात सिमेंटचे दोन हौद बांधले होते. दोन्हींत ओढ्याचंच लाल पाणी. सोमवारी एका हौदात ललिताचं दाट कल्चर ओतायचं, दुसऱ्यात काही नाही. गुरुवारी सगळ्यांसमोर बघायचं. दिल्लीहून डॉ. चौधुरी म्हणून एक वयस्कर शास्त्रज्ञ येणार होते. त्यांनी होकार दिला की शेणोलीकर सरांना मोठी संस्था काढून मिळणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ललिताची पीएच.डी.ची नोंदणीही याच कामावर मार्चमध्ये व्हायची होती.

सोमवारी सकाळी, कल्चर ओतायच्या आधी, मी हौदातलं पाणी एका मोठ्या काचेच्या बाटलीत भरून घेतलं. कोठीतल्या एका पट्टीवरचे माझे जीव मी आठवडाभर आधीच जागे केले होते. त्यांतले त्या बाटलीत घातले.

गुरुवारी निघताना ललिताला म्हटलं, "तुझी वही दे जरा. बघते."

तिनं आनंदानं दिली. "काही चुकलं असेल तर सांगा हं, ताई."

हौदापाशी तीस-चाळीस माणसं होती. रंगशाळांचे मालक, कॉलेजचे प्राध्यापक, दोन वार्ताहर. सरांनी नवा कोट घातला होता. दोन्ही हौदांवरची झाकणं काढली.

दोन्हींत पाणी लाल. सारखंच लाल.

"थंडी आहे जरा," सर म्हणाले. "काम हळू चालतं थंडीत."

डॉ. चौधुरींनी काचेचे दोन पेले मागवले. दोन्ही हौदांतलं पाणी भरून उन्हात धरलं. फरक करता येईना. मागून एक मालक म्हणाले, "सर, कुठल्या हौदात घातलं होतं ते तरी लिहून ठेवलंय न्हवं?" लोक हसले.

सरांचा चेहरा उतरला. आधी ओठच.

मग ते वळले. "ललिता, इकडे ये." ती आली. "काय केलंस तू? काय घाण शिरू दिलीस त्यात?"

"सर, मी तुम्ही सांगितलं तसंच..."

"मी सांगितलं? मी तुला चालतं-फिरतं कल्चर दिलं होतं. सोन्यासारखं. साहेब, हिच्या हलगर्जीपणानं बिघडलंय. नवीन मुलगी, मी विश्वास टाकला. चूक माझीच, असल्या मुलींना मी आत घेतो."

ललिता उभी होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलेलं की बोट पांढरं पडलं होतं. त्या क्षणी मला ती दिसायला हवी होती. मला दिसत होता तो फक्त नवा कोट.

"कल्चर बिघडलेलं नाही, साहेब," मी म्हटलं.

सगळे वळले. मी पुढं झाले.

"अगदी शुद्ध आहे. घाण कसलीच नाही. तपासून बघा, तोच जिवाणू आहे. फक्त तो आता दुसऱ्या घरचा झालाय. आठ महिने त्याला रंगाशिवाय, पोटभर पोसलंय. रंग फोडायची जनुकं जिवंत ठेवायला त्याला कारणच उरलं नाही. ती त्यानं टाकली."

"रंगाशिवाय?" डॉ. चौधुरींनी सरांकडे बघितलं.

"मी असं कधीच सांगितलं नाही," सर म्हणाले. "ही मनानंच..."

मी वही उघडून डॉ. चौधुरींच्या हातात दिली. "जूनपासूनची पानं आहेत. प्रत्येक पानावर माध्यमात काय घातलं ते लिहिलंय. खाली दर शनिवारची सही आहे."

त्यांनी पान उलटलं. आणखी एक. आणखी एक. हिरवी शाई उन्हात चमकत होती.

"या सह्या तुमच्या?"

"मी... विश्वासावर सही करतो."

"कुणाच्या?" चौधुरींनी विचारलं.

सरांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसू लागले. पुसतच राहिले. मी पिशवीतून बाटली काढली आणि त्या दोन लाल पेल्यांच्या शेजारी ठेवली. आतलं पाणी फिकट, गवती चहासारखं. पलीकडचं झाडसुद्धा त्यातून दिसत होतं.

"हेच पाणी," मी म्हटलं. "सोमवारी भरलेलं. यातले जीव ओढ्यातून आणून अडीच वर्षं रंगावर वाढवलेले आहेत."

"कुणी वाढवले?"

"मी. शैलजा गुरव. निबंधात माझं नाव आहे, साहेब. काचसामानाच्या आभारात."

कुणी हसलं नाही. एक वार्ताहर लिहू लागला. शेणोलीकर सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून सवयीनं "बाळ" एवढंच आलं.

मी खोटं लिहिणार नाही. मला आनंद झाला. टाळ, मृदंग, पेटी सगळं एकाच वेळी टिपेला पोचतं आणि देऊळच उचललं जातंय असं वाटतं, तसा. कांबळेमामा लांब भिंतीशी उभे होते, त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मला वाटलं, आता ललिता येऊन माझा हात धरेल. तिच्यावरचा आळ मीच पुसला होता.

ती आली ती कॉलेजकडे परत चालताना. शेजारून चालू लागली.

"ताई, बाटली सोमवारी भरलीत?"

"हो."

"कल्चर ओतायच्या आधी?"

"आधी."

"म्हणजे सोमवारी तुम्हाला माहीत होतं."

रस्त्यावर रंगशाळेच्या भिंतीला ओल्या साड्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्या कडेकडेनं आम्ही चाललो होतो.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. गेल्या आठवड्यापासून, म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. तिला मानायचंच होतं.

"जूनपासून," मी म्हटलं. "पहिल्या बिनरंगाच्या प्लेटा ओतल्यास त्या दिवसापासून."

ती थांबली नाही. चालणंही हळू झालं नाही. "मी रोज तुमच्या शेजारी बसून जेवले," ती म्हणाली. "रोज विचारलं, काही चुकतंय का."

"ललिता, तुझ्याशी काही वैर नव्हतं गं माझं. ते सगळं सरांसाठी होतं."

"हो," ती म्हणाली. "मी मधे होते."

पुढं सगळं माझ्या मनासारखं झालं. चौकशी बसली. शेणोलीकर सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मुलाकडे नाशिकला गेले. नियतकालिकानं दुरुस्ती छापली, माझ्या नावानिशी. प्रकल्प माझ्याकडे आला. मी देवळात नारळ फोडला. आप्पांनी प्रसाद घेतला आणि गाभारा पुसायला गेले.

ललिताची आठ महिन्यांची मेहनत मात्र कागदावर शून्य ठरली होती. नोंदणी पुढं ढकलली गेली. मी विद्यापीठात दोन खेटे घालून ती पुन्हा मिळवली, माझ्या प्रकल्पावर, माझ्या हाताखाली. तिनं नकार दिला नाही. निपाणीला परत जाण्याशिवाय तिच्याकडे दुसरी वाटही नव्हती.

जुलैच्या पहिल्या मंगळवारी ती कामावर आली. बर्नर पेटवलेला, समोर लाल प्लेटा ओळीनं ओतून ठेवलेल्या. सगळी तयारी तिनं स्वतःच केली होती. मी कोठीतली शेवटून दुसरी नळी घेऊन तिच्याजवळ गेले. मूळ जात. कोठीत ठेवल्यापासून मी ती दुसऱ्या कुणाच्याही हातात दिली नव्हती.

"हे आता तुझं," मी म्हटलं आणि नळी तिच्यापुढे धरली.

तिनं तार ज्योतीत धरली होती. ती लाल होईपर्यंत बघत राहिली. मग मान वर न करता, अगदी आदरानं म्हणाली,

"टेबलावर ठेवा, मॅडम. मी घेते."